सुकाणूचा बूट

१ मार्च

नवी वही. जुनी ओर्शोवाच्या शिबिरात भिजून फुगली, आणि तिच्यात होती तरी काय, पानोपानी मोडलेल्या बरगडीची रडगाणी. डॉक्टरबाईंनी आज तिसऱ्यांदा फोटो काढला आणि म्हणाल्या, "प्रोफिरा, हाड जुळलंय, आता विषय बंद." मी कुठे काढते विषय? बाकीचेच काढतात.

सकाळी धक्क्यावर गेले तर बोटीत पक्क्या बसवलेल्या माझ्या बुटाला मार्त्सिशोर बांधलेला होता. लाल-पांढरा दोरा, बारीक गाठ. हे दोम्निकाचं काम. आमची जोडी जमल्यापासून नऊ वर्षं ती दर एक मार्चला बांधते आणि मी तिच्यासाठी आणायला दर वेळी विसरते.

"यंदा तरी मला आणलास का?"

"विसरले गं."

"बरं झालं. आणला असतास तर मला वाटलं असतं, तुला ताप आलाय."

स्नागोवच्या तळ्यात कडेला अजून बर्फ आहे. सोळा किलोमीटर वल्हवलं. बोटीत आमच्या दोघींची तोंडं मागे. मी शेपटाच्या बाजूला, ती माझ्या पाठीशी. ताल माझा आणि सुकाणू तिच्या उजव्या बुटात, पाय वळवला की तार ओढली जाते. नऊ वर्षं ती माझी पाठ बघतेय आणि मी तिचा श्वास ऐकतेय. चित्रफितीत दोघी दिसतो, पण खरं सांगायचं तर चित्रफितीत मी फक्त मलाच बघते.

मागे पाण्यावर रेघ सुटत होती, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. दोघींचं एकेकच वल्हं, दोन बाजूंना; जिचा जोर कमी पडेल तिच्याच बाजूला बोट वळते. बोट खोटं बोलत नाही. माझी पस्तिशी मोजणाऱ्यांनी ती रेघ येऊन बघावी.

७ मार्च

नवे प्रशिक्षक प्रोफेसर मुंतेआनू आकड्यांवर जीव टाकतात. जुने प्रोफेसर तळ्याकडे बघायचे, हे तक्त्याकडे बघतात. आज वल्हवायच्या यंत्रावर दोन हजार मीटरची चाचणी झाली. माझे सहा मिनिटं बेचाळीस सेकंद, सगळ्यांत पहिली. देनिसा, विशीची पोर, सहा चव्वेचाळीस. दोम्निका सहा एक्कावन्न.

देनिसा आमच्याच बोतोशान जिल्ह्याची, दोन गावं पलीकडची. तिलाही माझ्यासारखंच शाळेत टेप लावून उंची मोजून उचलून आणली. माझ्या वेळी मी दुधाच्या बरण्या उतरवत होते, टेपवाल्या माणसानं मला विचारलंसुद्धा नाही, आईला विचारलं, "ही आणखी वाढेल का हो?" देनिसा दोन्ही बाजूंनी वल्हवते. डावं-उजवं तिला सारखंच. अशा पोरींचा मला मनातून राग येतो, पण ती गोड आहे, मला 'ताई' म्हणून दोन सफरचंदं देऊन गेली.

चाचणीनंतर प्रोफेसरांनी तक्ता आमच्यासमोर धरला. "यंत्रावर प्रोफिरा पहिली. मग पाण्यावर तुमची जोडी गेल्या वर्षीपेक्षा चार सेकंद मागे का?"

मी म्हटलं, नवी बोट जड आहे. बोटींचे मिस्त्री नेआ फनिका तिथेच खिळे वेचत होते. ते वर न बघता म्हणाले, "हो हो, नाचता येईना, अंगण वाकडं."

दोम्निका म्हणाली, "माझं इंजिन थंडीत उशिरा सुरू होतं, प्रोफेसर." आणि प्रोफेसरांनी तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

१६ मार्च

दोम्निकाच्या पोटरीत पुन्हा पेटका. जेवताना टेबलाखाली पाय चोळत होती, च्योर्ब्याचं सूप गार होऊन गेलं. मी म्हटलं, मीठ कमी पडतंय तुला. ती म्हणाली, असेल.

तिला स्वच्छतेचा रोगही लागलाय. बोट धक्क्याला लागायचा अवकाश, "तू जा, बरगडी शेक, मी धुते." सुकाणू, बूट, तारा, सगळं स्वतः पुसते. मला हात लावू देत नाही.

तिच्या वल्ह्याचे भोवरे माझ्यापेक्षा मोठे उठतात, मला मागे दिसतात ना. आज ओरडले तिला, "ढवळतेयस काय, मक्याची ममालिगा शिजवतेस का?" मागून आवाज आला, "बरं, हळू ढवळते."

३० मार्च

हे लिहायचं नव्हतं, पण या वहीशी खोटं बोलून काय मिळणार.

प्रोफेसरांनी मला एकटीला बोलावलं. म्हणाले, ऑगस्टच्या जागतिक स्पर्धेसाठी जोडी माझीच. माझ्या पाठीशी कोण बसणार एवढंच ठरायचंय. चोवीस एप्रिलला जागेची शर्यत. पहिल्या खेपेला मी आणि दोम्निका, दुसऱ्या खेपेला मी आणि देनिसा. जिच्याबरोबर बोट जोरात जाईल ती राहील.

"तुझं काय मत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुम्ही बघा. तुमचा अनुभव मोठा."

सहा वर्षांपूर्वी दोम्निकाचा खांदा निखळला तेव्हा जुन्या प्रोफेसरांना मी तोंडावर सांगितलं होतं, तिच्याशिवाय बसणार नाही, आणि पूर्ण हंगाम आठ जणींच्या बोटीत राखीव म्हणून काढला होता. ते सगळ्यांना माहीत आहे, कारण मी सगळ्यांना सांगितलंय. गेल्या ऑलिंपिकला आम्ही चौथ्या आलो. चौथा नंबर म्हणजे जत्रेला जाऊन वेशीवरूनच परत येणं. मी धक्क्यावर पालथी पडून रडत होते आणि ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होती, "अजून एकदा. दोघी."

आणि आज माझ्या जिभेला काय झालं होतं? आणखी एक, तेही लिहिते. बाहेर आले तेव्हा मला थोडं हलकं वाटत होतं. धोक्यात असलेलं नाव माझं नव्हतं.

१२ एप्रिल, ईस्टर

घरी कुणीच गेलं नाही, सुट्टी एकच दिवस. स्वयंपाकाच्या बाईंनी लाल अंडी रंगवली, कोझोनाकचा गोड पाव केला. देनिसानं एकटीनं अर्धा संपवला.

अंडी टकरवली. दोम्निकाचं फुटलं, माझं शाबूत. नऊ वर्षांत मी तिच्याशी एकदाही हरलेले नाही. अंडं हातात कसं धरायचं याचीही कला असते, तिला ती येत नाही. ज्याचं अंडं टिकतं त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणतात.

जेवणानंतर तळ्याकाठी तिला जागेच्या शर्यतीचं सांगितलं. तिला आधीच माहीत होतं.

"मग काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? जागा बोटीची असते, आपली कुठे असते?"

मला राग आला. मीच अपराधी, आणि मलाच राग. म्हटलं, "मग जोर लाव ना जरा! यंत्रावर ओढतेस तेवढं पाण्यात ओढ. हातचं राखून का वल्हवतेस?"

ती हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. "नाही गं राखत," म्हणाली. "आईशप्पथ नाही राखत."

मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. उठून आले.

१८ एप्रिल

दोम्निका दोन दिवस सुचावाला गेलीय, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. बोट धुवायला मी एकटीच. बऱ्याच महिन्यांनी मीच पालथी घातली, तारा पुसल्या.

सुकाणूच्या दोन तारा असतात, एक या बाजूला ओढणारी, एक त्या. एक नवीकोरी होती. दुसरीचे धागे सुटून माझ्या बोटात घुसले.

"नेआ फनिका, ही तार अशी कशानं झाली?"

"कशानं म्हणजे? जानेवारीपासून तिसरी आहे ती. दर वेळी तीच बाजू."

"का पण?"

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "चेष्टा करतेस का माझी? बोट तुझ्या बाजूला जाते म्हणून ती बूट उलटा दाबून धरते. दोन-दोन तास. तार झिजणार नाही तर काय! मला वाटलं, तुमचं दोघींचं ठरलेलं आहे. मला म्हणाली, प्रोफेसरांच्या कानावर घालू नका, बरगडी भरेपर्यंत निभावून नेऊ."

"बरगडी भरलीय."

"मग वळत का नाहीस?" त्यांनी विचारलं.

खोलीवर येऊन खिडकीच्या काचेसमोर काठी घेऊन बसले. यंत्रावर सरळ पुढे जायचं, सरळ मागे यायचं. बोटीत मात्र वल्ह्याकडे कमरेतून वळावं लागतं, तेव्हा कुठे पातं लांबवर पोहोचतं. मी वळले. दुखलं नाही. पण एका जागी अंग थांबलं, आडमुठ्या गाढवासारखं, त्यापुढे नाहीच. मोडलेल्या जागेला पुन्हा धक्का लागू नये म्हणून अंगानं मला न विचारता ठरवून टाकलंय. वल्हं वीतभर आखूड पडतंय. दर फटक्याला वीतभर, आणि बरगडी मोडल्यापासून रोज.

सुकाणू वाकडं धरलं की त्याला पाणी अडतं. तेच ते चार सेकंद. ते प्रोफेसरांनी तिच्या नावापुढे लिहिले आणि मी लिहू दिले. पट्टीनं आखलेली रेघ! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिचे भोवरे मोठे होते कारण ती मोठी ओढत होती. एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

२१ एप्रिल

दोम्निका काल आली. आईचा डोळा बरा आहे. माझ्यासाठी घरचं चीज आणलंय.

मी काहीच बोलले नाही. तिला विचारलं तर ती म्हणेल, पायाला वाईट खोड लागलीय. प्रोफेसरांना सांगितलं तर ते तक्ता काढतील, तक्त्यात मी पहिली, आणि ती माझ्यादेखत खोटं बोलेल. मला वाचवायला ही बाई कुणाशीही खोटं बोलेल, शर्यतीतसुद्धा बूट दाबून बसेल, जागा घालवेल आणि हसत घरी जाईल.

ही झाली कारणं. आता खरं कारण. मी गप्प बसले तर ऑगस्टमध्ये बोटीत मी असेन. पंधराव्या वर्षापासून मला दुसरं काही येत नाही. वीस वर्षं, दोन युरोपियन रौप्यपदकं आणि वेशीवरून परत. मला पाहिजे आहे ते. अजूनही पाहिजे आहे, हे लिहितानाही.

२३ एप्रिल

दुपारी सगळ्या झोपल्या होत्या. दहा नंबरचा पाना घेऊन बोटींच्या शेडमध्ये गेले. सुकाणूचा बूट बरोबर मध्यावर आणला आणि खालचा नट आवळला. मग अजून आवळला. आता तो बैलानं ओढला तरी हलणार नाही. सुकाणू सरळ. आता बोट वळवेल तो फक्त दोघींचा जोर.

परत येताना नेआ फनिका दारात उभे होते. माझ्या हातातला पाना त्यांनी बघितला. "नट तपासलास वाटतं," म्हणाले.

"हो."

"बरं केलंस. वेळेवर तपासावेत."

२४ एप्रिल

सगळं नीट क्रमानं लिहिते.

वारा नव्हता. सुरुवातीच्या खुणेकडे जातानाच मागून दोम्निकाचा आवाज आला. "बूट हलत नाहीये."

"माहितीये."

तिनं बूट पुन्हा रेटून पाहिला. "पाना दे."

"धक्क्यावर राहिला."

"तुझा मोज्यात असतो."

"आज नाहीये."

तिनं वल्हं थांबवलं. बोट डुलली. "प्रोफिरा, कोणी सांगितलं तुला?"

"तारेनं सांगितलं. आता ऐक. पूर्ण ओढायचं. माझी कीव करून ओढलंस तर उभ्या जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

"बोट लव्हाळ्यात घुसेल, बये!"

"घुसू दे."

"अजून एकदा, दोघी, असं म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "मी म्हटलेलं मी करत होते."

मी वल्हं पाण्यात टेकवलं. प्रोफेसरांचा भोंगा वाजला.

मी खोटं वल्हवलं नाही, हे इथे लिहून ठेवते. अंगात होतं ते सगळं दिलं. गाढवाला चाबूक मारावा तसं अंगाला वळवलं. तीनशे मीटरवर मागची रेघ वाकायला लागली, माझ्या बाजूला. मग एकदम सरळ झाली; दोम्निकानं जोर सोडला होता. "पूर्ण!" मी किंचाळले. रेघ पुन्हा वाकली. मोटरबोटीतून प्रोफेसर भोंग्यावर ओरडत होते, "सुकाणू! दोम्निका, सुकाणू!" आठशे मीटरवर आम्ही लव्हाळ्यात. बेडूक उड्या मारून पळाले.

दुसऱ्या खेपेला माझ्या पाठीशी देनिसा. तिला काहीच माहीत नव्हतं, तिनं बिचारीनं जीव तोडून ओढलं. सहाशे मीटरवरच लव्हाळ्यात. "ताई, माझं काय चुकलं?" रडकुंडीला येऊन विचारत होती.

"तुझं काही चुकलं नाही, पोरी."

प्रोफेसर आकड्यांचे असले तरी मूर्ख नाहीत. दोन खेपा, दोन वेगळ्या मुली, आणि बोट दोन्ही वेळा एकाच बाजूला. ते तक्त्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "प्रोफेसर, आता मला उतरवा आणि देनिसाला माझ्या जागी बसवा. सुकाणूला हात लावू नका, ते मीच आवळलंय."

"तू आवळलंयस?"

"हो. रागवायचं असेल तर नंतर रागवा."

मी मोटरबोटीत बसले. त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं.

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी दोम्निकाला वल्हवताना पाहिलं. समोरून, पूर्ण. मला वाटायचं ती ढवळते. ती ढवळत नाही. पाणी उचलून बाजूला ठेवते, भाकरी तव्यावर टाकावी इतक्या अलगद. खांदे पडलेले, मान सरळ आणि पाय शांत. तो उजवा पायही शांत. माझ्यासाठी ही बाई हे सगळं करून वर एका पायानं बोट धरून ठेवत होती. किती सुंदर वल्हवते, आणि हे मला कुणी सांगितलं कसं नाही? मीच विचारलं नव्हतं.

बोटीमागची रेघ सरळ होती. पंधराशे मीटर, बंद सुकाणूनं. घड्याळ दाबलं तेव्हा मला आकडे दिसेनात, प्रोफेसरांनीच वाचले. पाच मिनिटं सतरा. आमची या वर्षीची सगळ्यांत चांगली वेळ पाच चोवीस होती.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. तोही घडी घातलेला, चौकोनी.

२५ एप्रिल

दोम्निका बोलत नाही. जेवायला दुसऱ्या टेबलावर बसली. यादी लागली आहे: देनिसा, दोम्निका. मी राखीवमध्येही नाही, मीच नको म्हटलं.

दुपारी माझ्या दाराबाहेर चिजाचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळून ठेवलेला मिळाला. चिठ्ठी वगैरे काही नाही.

२८ एप्रिल

सामान बांधलं. दोन पिशव्या भरल्या, वीस वर्षांच्या मानानं फारच कमी. प्रोफेसर म्हणाले, शरदात टेप घेऊन बोतोशानच्या शाळांतून फिरशील का. म्हटलं, आधी झोप पुरी करते.

बस अकराला होती. त्याआधी धक्क्यावर गेले. बोट पाण्यात सोडलेली, देनिसा आपल्या जागेवर बसून पट्टे आवळत होती. माझ्या जुन्या बुटाला मार्त्सिशोर अजून तसाच होता. मार्च संपला की तो फुललेल्या झाडाला बांधायचा असतो, मी अर्थातच विसरले होते. लाल रंग उडून गुलाबी झालाय. तो सोडला आणि सुकाणूच्या बुटाला बांधला. माझ्या गाठी जाड येतात.

दोम्निका वल्ही घेऊन आली, बघितलं. "दोन महिने उशिरा," म्हणाली.

"नऊ वर्षं आणि दोन महिने."

तिनं वल्ही खाली ठेवली आणि मला मिठी मारली. बरगडीवर जोरात दाबली, मुद्दामच असेल. दोघी रडलो. देनिसा तळ्याकडे बघत असल्यासारखं करत होती.

"नट सैल केलास ना?" मी विचारलं.

"केला. आता पोटरी दुखत नाही, करमत नाही मला."

मग मला ते आठवलं. म्हटलं, "एक खरं सांग. ईस्टरची अंडी. नऊ वर्षं."

ती बोटीत बसली. बुटात पाय घातला, दोरा नीट केला, वल्हं कडीत अडकवलं.

"ती तू जिंकायचीस," म्हणाली.

"शपथ घे."

"चल गं देनिसा, उशीर होतोय," ती म्हणाली आणि धक्क्याला हातानं रेटा दिला.

बोट लांब जाईपर्यंत मी उभी होते. तिनं शपथ घेतली नाही.